गेलेले, आलेले आणि गावातलं कॉलेज

रत्नागिरी जिल्ह्यात कुणी परगावी गेलं, ही बातमी होत नाही. २०११च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. त्याचं कारण घरोघरी ठाऊक आहे. कमावता पुरुष मुंबईला, नाहीतर दुबई-कुवेत-मस्कतला. गिरणगाव, गोदी, जहाजावरची नोकरी, आखात, सगळ्या वाटा या जिल्ह्याने तुडवल्या. शिकायला परदेशी जाण्याची वाटही इथे जुनी आहे, सव्वाशे वर्षांची. म्हणून आंतरराष्ट्रीय शैक्षणिक देवाणघेवाणीचा आढावा दिल्लीच्या धोरणापासून किंवा पुण्या-मुंबईच्या मोठ्या विद्यापीठांपासून सुरू करण्याऐवजी रत्नागिरीपासून सुरू करावा, असं मला वाटतं. मोठ्या शहरातून न दिसणारा एक प्रश्न इथून ठळक दिसतो. माणूस गेला, शिकला, कधी परत आला, कधी नाही. त्या जाण्यायेण्याने मागे राहिलेल्या कॉलेजचं काय झालं?

देवाणघेवाण या नावाखाली बऱ्याच वेगळ्या गोष्टी येतात. शिष्यवृत्तीवर परदेशी पूर्ण पदवी घेणं, इथली पदवी चालू असताना तिथे एखादं सत्र काढणं, प्राध्यापकांची अदलाबदल, दोन विद्यापीठांनी मिळून दिलेली पदवी, तिकडच्या तज्ज्ञांनी येऊन इथे संस्था उभी करून देणं. चर्चा पहिल्या प्रकाराचीच होते, कारण त्यात एक चेहरा असतो, विमानतळावरचा फोटो असतो. उच्च शिक्षणाचा पोत मात्र बाकीच्या प्रकारांनी जास्त बदलला आहे.

तरीही सुरुवात चेहऱ्यांपासूनच करू, कारण ते चेहरे याच जिल्ह्यातले आहेत.

दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले. सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. त्या बातमीने महाराष्ट्र किती हरखला याच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. मला त्यांची पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. सरकारी नोकरीत मोठ्या पगाराच्या जागा त्यांच्यासाठी उघड्या होत्या. ते मात्र डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. त्या काळच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षं महिना ७५ रुपयांवर काम करायचं असा संस्थेचा शिरस्ता होता. १९०२ साली ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ तिथे राहिले. केंब्रिजमध्ये मिळवलेलं गणित आणि तिथली शिस्त पुण्यातल्या मुलांपर्यंत पोचली ती या एका निर्णयामुळे. आणि हा निर्णय शक्य झाला तो परतणाऱ्या माणसासाठी इथे आधीच एक संस्था उभी होती म्हणून. तिची त्यांच्याकडून स्पष्ट अपेक्षा होती आणि तिने त्यांना काम करायला पूर्ण मोकळीक दिली.

परांजप्यांना शिक्षणाच्या वाटेवर आणणारे त्यांचे आप्त धोंडो केशव कर्वे. त्यांची गोष्ट याहून विलक्षण आहे, कारण त्यांनी परदेशी पाऊल टाकण्याआधीच परदेशातली कल्पना घरी आणली. मुरूडला वाढलेला हा मुलगा सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून चालत साताऱ्याला गेला होता आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला न बसताच परतला होता. पुढे पुण्याजवळ हिंगण्याला विधवांसाठी काढलेला आश्रम चालवत असताना टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे टपालाने आली. ती त्यांनी चाळून बाजूला ठेवली. १९१५च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आलं. भाषणात काय मांडावं याचा विचार करताना ती पुस्तिका पुन्हा हाती आली आणि १९१६ साली हिंगण्याला भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू झालं. त्या टोकियोच्या संस्थेचे संस्थापक जिन्झो नारुसे स्वतः अमेरिकेत शिकून आले होते. म्हणजे अमेरिकेतून निघालेली कल्पना जपानमध्ये रूप पालटून पुण्यात पोचली आणि इथे पुन्हा बदलली. कर्व्यांनी शिक्षणाचं माध्यम मातृभाषा ठेवलं आणि इंग्रजी सक्तीचा विषय केला. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली. तेही जपानमधली ती संस्था पाहून आलेले होते.

सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ साली, कर्वे जगाच्या प्रवासाला निघाले. जिनिव्याच्या शिक्षण परिषदेत त्यांनी स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा हा भारतीय प्रयोग मांडला, बर्लिनला आइन्स्टाइनला भेटले, अमेरिका आणि जपान करून आले. जपानकडून घेतलेली कल्पना बदलून, वाढवून, जगापुढे परत मांडली. खऱ्या अर्थाने देवाणघेवाण म्हणावी अशी महाराष्ट्रातली ही पहिली ठळक घटना मी मानतो. मान्यतेचा भाग मात्र त्रासाचा होता. टोकियोच्या संस्थेला कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला १९४८ साली आणि कर्व्यांच्या विद्यापीठाला १९५१ साली. पस्तीस वर्षं इथल्या पदवीला सरकारदरबारी पदवी मानलं गेलं नाही. बाहेरून आलेली पद्धत रुजायला एक पिढी पुरते, पण तिच्यावर शिक्का बसायला दोन लागतात, हे तेव्हाही खरं होतं.

कर्व्यांच्याच घरातल्या इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. मानववंशशास्त्राच्या ज्या संस्थेत त्यांनी संशोधन केलं तिचे प्रमुख ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. युरोपीय माणसाच्या कवटीच्या ठेवणीत त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण सापडते, असं त्यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष काढला, तोही त्याच मार्गदर्शकाच्या हाताखाली. परदेशी शिकणं म्हणजे तिथलं सगळं मान डोलावून घेणं नव्हे, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. मोजमापाची ती शिस्त घेऊन त्या परतल्या. १९३९पासून डेक्कन कॉलेजात त्यांनी समाजशास्त्र आणि मानवशास्त्राचं जे काम उभं केलं, त्यावर पुढच्या दोन पिढ्या शिकल्या.

आता या चित्राची दुसरी बाजू. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव, आणि त्यांच्या लहानपणाची काही वर्षं दापोलीत गेली. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर तीन वर्षांसाठी, ते कोलंबिया विद्यापीठात गेले. जॉन ड्युई, सेलिग्मन अशा शिक्षकांकडे शिकले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ साली बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. त्या शहरात जगातल्या उत्तम विद्यापीठात शिकलेल्या या माणसाला राहायला खोली मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढलं गेलं. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. काही दिवसांत त्यांना बडोदं सोडावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, १९२०मध्ये शाहू महाराजांच्या मदतीने आणि स्वतःच्या शिलकीवर पुन्हा लंडन, १९२३ साली डी.एस्सी.

शिष्यवृत्ती देणाऱ्याची दृष्टी थोर होती, घेणाऱ्याने तिचं सोनं केलं, करारही पाळला गेला. हरला तो समाज, ज्याने परतलेल्या विद्वानाला जागा दिली नाही. जागा त्यांना स्वतः निर्माण करावी लागली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादला मिलिंद. कोलंबियाच्या वर्गांचा प्रभाव महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणावर पडला, पण त्यासाठी तीस वर्षं जावी लागली आणि वाट माणसाने एकट्याने काढावी लागली.

स्वातंत्र्यानंतर सरकारं या कामात उतरली. १९५० साली फुलब्राइट कार्यक्रम भारतात आला. त्याच वर्षी मौलाना आझादांनी स्थापलेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेने परदेशी विद्यार्थ्यांना इथे बोलवायला सुरुवात केली. १९५९पासून राष्ट्रकुल शिष्यवृत्त्या आल्या. या काळातला सर्वांत खोल बदल मात्र जाणाऱ्यांनी केला नाही, येणाऱ्यांनी केला. १९५८ साली मुंबईत आयआयटी सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत यंत्रसामग्रीवर आणि रशियन प्राध्यापकांच्या मदतीने. इथले तरुण अध्यापक तिकडे प्रशिक्षणाला गेले.

आणि शेतीशिक्षण. याची गोष्ट थेट रत्नागिरी जिल्ह्यात येऊन पोचते, तरी तिची आठवण फारशी कुणी काढत नाही. अमेरिकेत १८६२च्या कायद्याने राज्याराज्यांत जमिनी देऊन शेतकी विद्यापीठं उभी केली होती. शिकवणं, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत पोचणं या तिन्ही गोष्टी एकाच संस्थेने करायच्या, ही त्यामागची कल्पना. १९६०पासून भारताने हा नमुना उचलला आणि अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी एकेका राज्याशी जोडून घेतलं. महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ आलं. १९६८ साली राहुरीचं कृषी विद्यापीठ झालं, पुढे त्याची विभागणी होत गेली आणि १८ मे १९७२ रोजी दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ सुरू झालं. आजचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ ते हेच.

त्या नमुन्यातून काय आलं ते दापोलीच्या विद्यार्थ्याला विचारावं. सत्रपद्धत, अंतर्गत मूल्यमापन, प्रत्येक विषयाचे क्रेडिट, शिकवणाऱ्यानेच पेपर तपासणं, या गोष्टी तिथे अंगवळणी पडल्या होत्या तेव्हा रत्नागिरी शहरातल्या कला-विज्ञानाच्या मुलांना वर्षाअखेरची एकच परीक्षा ठाऊक होती. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत क्रेडिटची भाषा २०११च्या सुमारास आली. एकाच जिल्ह्यात दोन शतकांतल्या दोन शिक्षणपद्धती शेजारी नांदत होत्या आणि त्यांच्यात एकमेकांशी बोलणं नव्हतं, याची मला खंत वाटते. आजही शेवटच्या वर्षाची मुलंमुली कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावात राहायला जातात, भातखाचरात उतरतात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर त्यांचा फोटो येतो. विद्यापीठाने शेतकऱ्याच्या बांधावर गेलं पाहिजे या तत्त्वाचं हे आपलं रूप आहे. वेंगुर्ल्याच्या केंद्रात नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ आंबा आला, काजूच्या वेंगुर्ला जाती आल्या, कोय कलमाची पद्धत शास्त्रशुद्ध बसवून ती बागायतदाराच्या हाती दिली गेली. परदेशी ढाचा आणि कोकणची माती यांची सांगड घालणारे इथले संशोधक होते. आणि त्यांना तसं करायला स्वतंत्र विद्यापीठ, स्वतःची अभ्यासमंडळं, स्वतःचे प्रक्षेत्र मिळाले होते.

समुद्राच्या बाबतीत इतकं बरं घडलं नाही. १९५०च्या दशकात नॉर्वेच्या मदतीने केरळात सुरू झालेल्या प्रकल्पातून यांत्रिक बोटी आणि ट्रॉलिंग आलं आणि काही दशकांत ते पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचलं. बोट आली, जाळं आलं. माशांचा साठा किती, किती धरला तर पुढच्या वर्षी उरेल, हे मोजण्याचं शास्त्र त्या वेगाने आलं नाही. मिरकरवाड्याच्या जेटीवर पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमारांचा जो वाद वर्षानुवर्षं चालू आहे, त्याच्या मुळाशी हीही उणीव आहे. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ साली सुरू झालं, म्हणजे ट्रॉलर आल्यानंतर. तंत्र आणि ज्ञान एकाच बोटीतून यायला हवं होतं.

बाहेरून आलेल्यांची आणखी एक तऱ्हा महाराष्ट्राने पाहिली. अमेरिकेकडून रेशनवर आलेल्या गव्हाचे पैसे रुपयांत भारतातच साठले होते आणि त्यातला काही भाग विद्येवर खर्च झाला. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ साली स्थापन झाली तेव्हा तिचं ठाणं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होतं. याच रुपयांतून विकत घेतलेली मराठी पुस्तकं शिकागोसारख्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत गेली. अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांचे विद्यार्थी पुण्यात मराठी कुटुंबांत राहून मराठी शिकले. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ साली आंबेडकरी चळवळीवर प्रबंध पूर्ण केला, तेव्हा इथल्या विद्यापीठांत तो विषय संशोधनाच्या यादीतही क्वचित दिसे. गेल ऑम्वेट पहिल्यांदा फुलब्राइटच्या निमित्ताने आल्या, पुढे सत्यशोधक चळवळीवर पीएच.डी. केली आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या होऊन राहिल्या. ग्युंटर सोंथायमर यांनी धनगरांच्या वाड्यांवर फिरून खंडोबा-बिरोबाचा अभ्यास केला. अ‍ॅन फेल्डहाउस आणि शं. गो. तुळपुळे यांच्या एकत्र कामातून जुन्या मराठीचा कोश १९९९ साली आला. आपल्याकडच्या कुठल्या गोष्टी अभ्यासाच्या लायक आहेत, हे काही वेळा आपल्याला पाहुण्यांनी दाखवलं. यात कमीपणा मानायचं कारण नाही. पण तुळपुळे-फेल्डहाउस यांच्यासारखी बरोबरीची जोडी किती थोडी, हे मात्र पाहायला हवं. बऱ्याच कामांत इथला माणूस दुभाषा किंवा वाटाड्या राहिला आणि ग्रंथ तिकडे छापला गेला.

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत पुण्याने वेगळी वाट धरली. फर्ग्युसनच्या वसतिगृहात काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला त्याची मैत्रीण खिडकीतून डबा देते, हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार यांनी पाहिलं. त्या एकटेपणातून १९७१ साली सिंबायोसिसची कल्पना निघाली. पुढे त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आफ्रिका, इराण, अफगाणिस्तानातल्या मुलांना पुण्याची ओढ लागली त्यात अशा घरगुती आस्थेचा वाटा मोठा आहे.

आजची आकडेवारी एका बाजूला फार कलली आहे. परराष्ट्र खात्याच्या हिशेबाने २०२४मध्ये १३ लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशी शिकत होते. एकट्या अमेरिकेत २०२३-२४ साली ३,३१,६०२. भारतात शिकणारे परदेशी विद्यार्थी २०२१-२२च्या उच्च शिक्षण पाहणीत ४६,८७८ होते आणि त्यातले सर्वाधिक नेपाळचे. येणाऱ्या एकामागे जाणारे अठ्ठावीसच्या आसपास. याला विनिमय म्हणणं अवघड आहे. शिवाय जाणाऱ्यांतले बहुतेक कुठल्याही विनिमय योजनेतून जात नाहीत, कर्ज काढून जातात.

रत्नागिरीतल्या मध्यमवर्गीय घरात अशी फाइल तयार होते ती एकदा जवळून पाहावी. गुणपत्रिका, ट्रान्सक्रिप्ट, शिक्षणाच्या माध्यमाचा दाखला, दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं, प्रत्येक विषयाचा शिक्का मारलेला अभ्यासक्रम. यातला बराचसा कागद विद्यापीठाच्या मुंबईतल्या कचेरीतून आणायचा, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरची एक फेरी, कधी दोन. मग बँक तारण मागते. वडिलांची आंब्याची बाग आहे, पण सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यातले दोन काका बोरिवलीला, एक आत्या बडोद्याला, आणि पणजोबांच्या नावाची नोंद अजून उतरलेलीच नाही. बाग लाखांचं उत्पन्न देते आणि बँकेच्या लेखी शून्य. कोकणातल्या सामायिक जमिनीचा हा जुना गुंता उच्च शिक्षणाच्या दारात येऊन उभा राहतो, हे धोरण लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येत नसावं.

ज्यांच्याकडे बागही नाही त्यांच्यासाठी सरकारी शिष्यवृत्त्या आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी मिळते. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५०च्या दशकापासून चालू आहे. या योजनांनी किती घरांचं नशीब पालटलं हे खेड्यापाड्यांत दिसतं. म्हणूनच २०२२चा बदल मला टोचतो. त्या वर्षी केंद्राच्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक समाजशास्त्रीय संशोधन वगळण्यात आलं. हे विषय इथेच शिकता येतात, असा युक्तिवाद होता. आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियात वाचलेला निबंध भारतातल्या जातिसंस्थेवर होता. आजच्या नियमाने त्या विषयाला पैसे मिळाले नसते. दूर गेल्यावर स्वतःचा समाज वेगळ्या प्रकाशात दिसतो आणि तिथले प्रश्न विचारण्याची पद्धत घरच्या प्रश्नांना लावता येते, हा देवाणघेवाणीचा सर्वांत मोठा लाभ आहे. तोच नियमाने कापून टाकला. हा बदल मागे घेतला पाहिजे.

युरोपकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेत मुलं एका सत्रासाठी दुसऱ्या देशात जाऊ लागली, तेव्हा लगेच अडचण आली की तिथे शिकलेल्या विषयाचे गुण इथे कसे धरायचे. म्हणून १९८९पासून क्रेडिट हस्तांतराची पद्धत आजमावली गेली. पुढे १९९९च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर अख्ख्या युरोपच्या पदव्यांचा ढाचा त्यावर बेतला गेला. प्रवास करणाऱ्या मूठभर मुलांसाठी केलेली सोय घरी राहणाऱ्या सगळ्यांचं शिक्षण बदलून गेली.

भारतात तशी यंत्रणा आता उभी राहते आहे. २०२१मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. २०२२च्या यूजीसी नियमांनी परदेशी विद्यापीठाबरोबर जोड अभ्यासक्रम, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी यांना परवानगी दिली. पण अट अशी की भारतीय संस्थेला नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण हवेत, किंवा ती राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात हवी, आणि परदेशी संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात. २०२३पासून परदेशी विद्यापीठांना इथे शाखा काढता येतात. २०२५मध्ये नवी मुंबईसाठी यॉर्क, अ‍ॅबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया अशा विद्यापीठांना इरादापत्रं दिली गेली. त्या शाखांची फी भरू शकणारी मुलं रत्नागिरीत फार थोडी आहेत, आणि मुंबईकडे जाणारा ओघ त्यामुळे वाढेल, एवढंच तूर्त म्हणता येतं.

परदेशी सरकारांच्या मर्जीवर विसंबण्याचा धोकाही त्याच वर्षी दिसला. मे-जून २०२५मध्ये अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या, आणि जूनमध्ये फुलब्राइट मंडळाच्या जवळजवळ सर्व सदस्यांनी राजकीय हस्तक्षेपाचं कारण देऊन राजीनामे दिले. फुलब्राइटसारख्या विनिमय व्हिसावर गेलेल्या बऱ्याच जणांना शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. नियम परतायला लावतो. परतल्यावर काय, याचं उत्तर आपण द्यायचं असतं, आणि तिथे आपण कमी पडतो. परदेशी पीएच.डी. करून आलेल्या कोकणच्या मुलीला आज इथल्या अनुदानित कॉलेजात कायम जागा मिळणं किती कठीण आहे, हे प्राध्यापक भरतीचा इतिहास ठाऊक असलेल्या कुणालाही सांगायला नको. वर्षानुवर्षं रिक्त जागा तासिका तत्त्वावर चालतात. तिला तासाला मोजून पैसे मिळतील, स्वतःचा अभ्यासक्रम आखायची मुभा नाही. परांजप्यांचा ७५ रुपये पगार कमीच होता, पण त्याबरोबर वीस वर्षांची हमी आणि प्राचार्याची खुर्ची होती.

इथे रत्नागिरीची संधी आहे आणि ती मला खरी वाटते. १९४५ साली स्थापन झालेलं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आता स्वायत्त आहे. म्हणजे अभ्यासमंडळ गावात आहे, विषय आखण्यासाठी मुंबईची वाट पाहायची नाही. शहरात मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय, दापोलीला कृषी विद्यापीठ, पां. वा. काणे यांच्या नावाचं संस्कृत अध्ययन केंद्र. एवढ्या संस्था असलेल्या जिल्ह्याने विनिमय म्हणजे फक्त पाठवणं असं का समजावं? इथे काय आहे ज्यासाठी दुसऱ्या देशातला विद्यार्थी येईल?

सड्यांवरची कातळशिल्पं आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि निसर्गयात्री संस्थेच्या मंडळींनी गावोगाव फिरून ती शोधली, मोजली, नोंदवली. काशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे. त्याच्या कडेने चालत गेल्याशिवाय तो हत्ती आहे हे कळत नाही. त्याच्या पोटात आणि भोवती इतर प्राणी आणि मासे कोरलेले आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कोकणातली नऊ स्थळं गेली, त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यातली : काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी. कोणी कोरली, कशाने कोरली, एकशिंगी गेंडा इथे कोणी पाहिला, हे प्रश्न उघडे आहेत. पुरातत्त्व, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र, ग्रामीण समाज, सगळ्यांना इथे काम आहे. युरोपातली कुठलीही चांगली विद्याशाखा आपली मुलं इथे सहा आठवडे पाठवील, पण मुलांना परत जाताना क्रेडिट नेता आले पाहिजेत. आणि आपल्या मुलांनी त्यांच्याबरोबर सड्यावर बसून रेखाटनं केली पाहिजेत, वाटाडे म्हणून नव्हे, सहविद्यार्थी म्हणून.

नव्या पदवी रचनेत क्षेत्रीय प्रकल्पाला क्रेडिट राखून ठेवलेले आहेत. आज अनेक कॉलेजांत ते एखाद्या दुकानाच्या सर्वेक्षणात आणि बांधीव अहवालात संपतात. तेच चार क्रेडिट कातळशिल्पांना, खाडीतल्या माशांच्या मोजणीला, दापोलीच्या प्रक्षेत्राला देता येतील. मत्स्य, कृषी आणि विज्ञान या तीन संस्थांनी एकमेकांचे क्रेडिट मानायचे ठरवलं, तर पहिला विनिमय जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच होईल. परदेशी विद्यापीठाशी करार त्यानंतर करावा, कारण शिरगावचा विषय गोगटे कॉलेजात धरला जात नसेल तर नॉर्वेतल्या बर्गेनसारख्या विद्यापीठाचा धरला जाण्याची आशा कशी करायची? सडे पावसाळ्यानंतर सुकतात, ऑक्टोबरपासून उन्हं चढेपर्यंत काम करता येतं, आणि युरोपातलं हिवाळी सत्र त्याच महिन्यांत असतं. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात ते बसवायचं असेल, तर अभ्यासमंडळांच्या बैठकीत तो विषय याच उन्हाळ्यात ठेवावा लागेल.